डाव्या पाच, उजव्या पाच

सुनेचं वागणं सासूबाईंना बिलकूल पटत नव्हतं. घरातलं माणूस जेवलं की उपाशी उठलं, याची चौकशी नाही. पण गाढविणींनी गव्हाणीत टाकलेल्या काड्या मात्र रोज सकाळी तराजूवर चढायच्या आणि वहीत उतरायच्या.

दुधासाठी पाळलेल्या दहा गाढविणी. डाव्या पाचांना सुक्या चाऱ्याबरोबर बांधावरच्या तुतीचा पाला, उजव्या पाचांना नुसताच सुका चारा. पाल्यानं दूध वाढलं, तर विकतच्या पेंडीवाचून भागणार होतं. नाही वाढलं, तर गाढविणी जाणार. लेकानं गिऱ्हाईकही बघून ठेवलं होतं.

आज सून गोठ्यातच फतकल मारून बसली. मांडीवर वही.

"दोन्हीकडचं दूध सारखंच, आई. दोन महिने फुकट गेले."

सासूबाईंनी हातातलं घमेलं कमरेला टेकवून शेजारच्या गाढविणीच्या कानामागे खाजवलं. पुन्हा खाजवलं. आजवर त्यांनी कुणापुढे चूक कबूल केली नव्हती, नवऱ्यापुढेसुद्धा नाही.

"उजवीकडच्यांना मी देत होते," त्या म्हणाल्या. "तू संध्याकाळी दूध पोचवायला गेलीस, की घमेलंभर पाला."

सुनेचे कान लाल झाले.

"डोळे काय वटारतेस? एकीनं मिटक्या मारायच्या आणि दुसरीनं तिचं तोंड बघत बसायचं? माझ्या घरात असला दुजाभाव चालत नाही."

"कधीपासून?"

"तुझं ते तिसऱ्या आठवड्याचं मोजमाप झालं ना, त्या दिवसापासून."

सुनेनं भराभरा पानं उलटली. पहिले तीन आठवडे उजवीकडचं दूध कमी होतं. चौथ्यापासून चढत चढत त्यानं डावीकडच्याला गाठलं होतं.

"मला वाटलं, सुक्या चाऱ्याची सवय झाली!" ती ताडकन उठली. "आई, पाला लागू पडतोय. पण खात्री करायला हवी. आजपासून उजवीकडचा पाला बंद. दूध उतरलं, तर गिऱ्हाईक आल्या पावली परत."

"बंद म्हणजे? मूठभरही नाही?"

"एक पानसुद्धा नाही. पंधरा दिवस. घमेलं द्या इकडे."

उजवीकडून पाच माना पुढे आल्या. सुनेनं हात पुढेच धरला होता. सासूबाईंच्या हातातली वस्तू मागायची या घरात आजवर कुणाची टाप नव्हती.

त्यांनी घमेलं दिलं. सुनेला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं.

"माझ्याहून खाष्ट निघालीस गं पोरी," त्या म्हणाल्या. "आता हा गोठा काही बुडायचा नाही."