गाडी गार होईपर्यंत

वैद्याने उजवा तळहात बॉनेटवर टेकविला आणि डोळे मिटले. विक्रेत्याने श्वास रोखून धरला.

सदर गृहस्थ वस्तुतः वैद्य नव्हे. कारखान्यांतील कामगारांची ने-आण करणाऱ्या गाड्यांचा तो मोठा मालक. परंतु नवी गाडी घेण्यापूर्वी, आजारी लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा हात तो बॉनेटवर ठेवून पाही. म्हणून साऱ्या बाजारात त्यास हेच नाव पडले होते. आधी तापवून ठेवलेले डिझेल इंजिन कोणाच्याही हाताने सुरू होते. त्यास हवी होती रात्रभर गारठलेली, तरीही पहाटेच्या पाळीला कुरकुर न करता निघणारी गाडी.

विक्रेत्यास हे ठाऊक होते. परवाच्या थंडीत हीच गाडी कितीतरी वेळ खोकत राहून मग उठली होती, हेही त्यास ठाऊक होते. म्हणून तो उजाडण्यापूर्वीच आला. इंजिन चांगले तापेपर्यंत त्याने चालविले, नंतर बॉनेटवर ओली पोती पसरून ते निवविले आणि पुसून कोरडेठाक केले. आपण फार मोठी युक्ती योजिली, असे त्यास वाटले होते.

"थंडगार आहे," वैद्य म्हणाला.

"रात्रभर उघड्यावरच होती, साहेब. आत बघा ना, आठ माणसं ऐसपैस. नटवेपणा नाही, पण अंगानं कणखर."

"रेडिओची खाच दिसतेय. रेडिओ दिसत नाही."

"पाळीवरून दमून आलेली माणसं, साहेब. झोपू द्यावं बिचाऱ्यांना."

वैद्य हसला. विक्रेत्याच्या जिवात जीव आला. तोच वैद्याने डावा हात गाडीच्या टपावर ठेवला, उजवा पुन्हा बॉनेटवर ठेवला, आणि त्याच्या भुवया एकमेकींजवळ आल्या.

"सगळ्या अंगापेक्षा कपाळच गार? असं कसं हो?"

विक्रेत्यास शब्द सुचण्यापूर्वीच तो मागच्या बाजूस गेला, वाकला, आणि सायलेन्सरच्या तोंडात त्याने बोट घातले. बोट काळे होऊन बाहेर आले.

"आणि इकडं ताप."

तो रागावला नाही.

"थांबू या," रुमालास बोट पुशीत वैद्य म्हणाला. "पुरती गार होऊ दे. मला आज दुसरं काम नाही."

एवढे बोलून तो गाडीत शिरला, अगदी शेवटच्या आसनावर गुडघे पोटाशी घेऊन आडवा झाला, आणि बघता बघता घोरू लागला.

आभाळ भरून आले होते. उन्हाचा पत्ता नव्हता. निवणाऱ्या लोखंडाचा टिक् टिक् असा बारीक आवाज येत होता. विक्रेत्यास बसवेना. तो गाडीभोवती फेऱ्या घालू लागला. 'ऊठ गं बाई, एवढ्या वेळेला ऊठ,' असे तो मनातल्या मनात गाडीस विनवू लागला.

इतक्यात शोरूमचा मॅनेजर बाहेर आला. हा त्याचा साडू. त्याच्याच शब्दावर विक्रेत्यास ही नोकरी मिळाली होती.

"साडूभाऊ, गिऱ्हाईक कुठं गेलं?"

"आत झोपलंय."

"आणि तुम्ही?"

"गाडी गार व्हायची वाट बघतोय."

"चहा आहे का तो? लोक गाड्या विकतात, तुम्ही निववत बसलाय!" साडूने आवाज खाली आणला. "हे बघा, सबंध ताफ्याची ऑर्डर आहे. ही हातची गेली तर वरच्यांपुढं मी तुमच्यासाठी तोंड उघडणार नाही. तुमच्या मेहुणीचा फुगलेला चेहरा मी सोसेन. तुमच्या बायकोला मात्र तुम्हीच सांगायचं."

दुपार कलली तेव्हा वैद्य जागा झाला. त्याने टप चाचपला, बॉनेट चाचपले, सायलेन्सरही चाचपला.

"आता खरी. बसा. किल्ली तुम्हीच फिरवा."

विक्रेता बसला. समोर पिवळा दिवा लागला. तो विझेपर्यंत, म्हणजे डिझेल पेटण्याइतकी आच आत तयार होईपर्यंत, किल्ली पुढे फिरवावयाची नसते. दिवा विझला. त्याने किल्ली फिरविली.

इंजिन पहिल्याच झटक्यास सुरू झाले. खोकले नाही, अडखळले नाही.

"बघा! साहेब, बघा! एका झटक्यात!" विक्रेत्याचा आवाज चिरकला. तो हसत होता आणि त्याचे डोळे भरून आले होते.

उघड्या दारापाशी उभे राहून वैद्य काही वेळ इंजिन ऐकत राहिला.

"चांगली आहे की हो. मग सकाळी एवढी लबाडी कशाला केलीत?"

वैद्याने दार हलकेच लोटून लावले आणि गाडी सुरू होताच बाहेर आलेल्या साडूकडे तो गेला. इंजिनाच्या आवाजात ऐकू जावे म्हणून त्यास मोठ्याने बोलावे लागले; त्यामुळे बंद काचेतून विक्रेत्यासही प्रत्येक शब्द ऐकू आला.

"सगळ्या गाड्या घेतो. गाडी खरी आहे. पण किल्ल्या घ्यायला येईन तेव्हा हे गृहस्थ इथं नकोत. उद्या हे टाकी भरलीय म्हणाले, तर मी काय काठी घालून बघत बसू?"

साडूच्या चेहऱ्यावर आलेले हसू अर्ध्यावरच राहिले. वैद्य फाटकाबाहेर जाईपर्यंत तो तसाच उभा होता. मग गाडीपाशी येऊन त्याने बोटाच्या पेराने काचेवर टकटक केले.

ह्या गाडीची काच बटणासरशी उतरत नसे. किंमत कमी राहावी म्हणून दारास हाताने फिरवावयाचे हँडल बसविलेले होते. विक्रेत्याने ते धरले, आणि जितके सावकाश फिरविता येईल तितके सावकाश तो फिरवू लागला.