दौलतरावांच्या मापाचा माइक

“माइक हाय का वांगं? धरू कुठून ह्याले?”

दौलतराव पुटपुटले ते अगदी कानापाशी, म्हणून सुचितालाच तेवढं ऐकू आलं. हल्ली बापाचं बोलणं ऐकायचं तर आपला कान त्यांच्या तोंडापर्यंत न्यावा लागे.

“धराचा नाई, बाबा,” ती हसून म्हणाली. “त्याच्या समोर बसून बोलाचं असते.”

बाजारात भाजी उतरवून बाप-लेक रिसोडच्या अमरसिंगच्या साउंडच्या दुकानात आले होते. मागोमाग आवडाबाई, सुचिताची माय, येऊन दारापाशी रिकाम्या क्रेटवर बसली होती. याच अमरसिंगच्या जीपवर बसून दौलतरावांनी वीस वर्षं तालुक्याला हाका घातल्या होत्या. साड्यांचा सेल, कुस्त्यांची दंगल, कुणाची हरवलेली म्हैस. भोंगा बिघडला तरी त्या दिवशीचं काम अडत नसे, असं अमरसिंग अजून सांगतो.

सोमवारी नागपूरला त्यांच्या घशाचं ऑपरेशन होतं. गाठ काढणार आहेत, असं घरात सगळे म्हणत. डॉक्टर त्यापुढं आणखी एक वाक्य बोलले होते. ते मायलेकींनी दवाखान्याच्या पायऱ्यांवरच सोडून दिलं होतं, घरी आणलं नव्हतं.

म्हणून तर हा माइक. बरे झालात की घरबसल्या जाहिरातींना आवाज द्यायचा, व्हॉइसओव्हर म्हणतात त्याला, असं सुचितानं बापाला पटवलं होतं. खरं म्हणजे तिला तो आवाज आत्ताच भरून ठेवायचा होता. नुसता मोबाइल तोंडासमोर धरला असता तर त्यांना त्याच क्षणी कळलं असतं. आणि खोटं बोलायचं तर नीट बोलावं म्हणून तिनं पोळ्यापासून व्हिडिओ पाहायला घेतले. माइक कोणता, हेडफोन कोणता, सॉफ्टवेअर फुकटचं पुरेल की विकतचं लागेल. मेथीची जुडी एका नजरेत पारखणारी बाई, पण माइक ठरवायला तिला सव्वा महिना लागला. पोळ्याला दौलतराव बैलांवर खेकसत होते. आता दसरा तोंडावर आला होता आणि आवाजाची नुसती फुसफुस उरली होती.

“नव्या मानसाले हाच बरा,” अमरसिंगनं तो वांग्याएवढा माइक लॅपटॉपला जोडला. “तोंडाजवळचं तेवढंच घेते. पंखा, फटफटी काही घेत नाई. दोन वर्षांची वॉरंटी हाय.” एवढं बोलून तो उगाच खोका पुसत बसला.

दौलतरावांनी टोपी सारखी केली, शर्टाचं वरचं बटण लावलं. “बंधू-भगिनींनो,” ते म्हणाले.

सुचितानं परत लावून ऐकलं. तव्यावर पाणी पडावं तशी चरचर.

“थांब, खरखर काढून टाकू,” अमरसिंग म्हणाला. “फुकटच्या सॉफ्टवेअरमंधीबी येते थे.” त्यानं एक बटण दाबलं. पुन्हा लावलं. पंख्याची घरघर गेली होती, रस्त्यावरचा ट्रक गेला होता, आणि त्यांच्यासोबत दौलतरावही गेले होते. मशीननं त्यांनाच खरखर समजून साफ पुसून काढलं होतं.

“सेटिंग चुकली,” सुचिता म्हणाली.

“माइकच कमजोर हाय,” अमरसिंग म्हणाला.

“मोठा दाखव ना मंग,” दौलतरावांनी ओठांनी आणि हातांनी मिळून सांगितलं. “धंदा कराचा तं सामान चांगलं पायजे.” त्यांचे डोळे नव्या गिऱ्हाइकासारखे चमकत होते. सुचितानं ते पाहिलं आणि वायरीचा गुंता सोडवायला घेतला. वायरीला गुंता नव्हता.

अमरसिंगनं आतून मोठा माइक आणला. “ह्याच्यापुढं मुंगी चालली तरी ऐकू येते. फक्त पंखा बंद करा लागते.” पंखा बंद झाला. सुचितानं जाड गादीचा हेडफोन बापाच्या कानांवर बसवला, माइकमध्ये जाईल ते थेट त्यांच्या कानात यावं म्हणून त्याची वायर माइकलाच जोडली आणि आवाज वाढवायची कळ शेवटपर्यंत फिरवली.

“बोला, बाबा.”

ते बोलले. छाती वरखाली झाली, मानेच्या शिरा ताठल्या. लॅपटॉपच्या पडद्यावरची आवाजाची हिरवी रेघ जरा थरथरली आणि आडवी झाली.

“अजून जवळून, बाबा.”

त्यांचे ओठ माइकच्या जाळीला टेकले. कपाळावरून घाम ओघळला. रेघ आडवीच.

“अजून एखादा हाय का, भाऊ?” सुचितानं अमरसिंगला विचारलं. तो खाली पाहत म्हणाला, “वाशिमवरून मागवू ना. चार दिवसांत येते.” सोमवारला तीनच दिवस होते, हे दोघांनाही ठाऊक होतं.

दारातून आवडाबाई सगळं पाहत होती. नवऱ्याचे दोन्ही कान झाकलेले होते. ती म्हणाली, “बस कर, सुचे.”

हिरवी रेघ उसळून पार पडद्याच्या वरच्या काठाला लागली.

दौलतराव दचकले. बायको इतक्या जवळून बोलली, की त्यांनी मान वळवून आपल्या खांद्यामागं पाहिलं. ती तर तिकडं लांब, दारात बसलेली.

सुचितानं मायला थांबवायला हात वर केला. आवडाबाईला वाटलं, पोरगी म्हणतेय, अजून एकच माइक पाहू दे, शेवटचा.

“कितीबी पाय,” ती म्हणाली. “सोमवारी आवाजाची पेटीच काढून टाकनार हायेत त्याईच्या घशातून. मंग थे कंधीच बोलनार नाईत, हे सांगतलं का आपुन त्याईले?”