चारची लाल रेघ

भिंतीवरच्या घड्याळात चारला पाच मिनिटं उरली, तशी आवक कारकुनाने पट्टी आणि लाल पेन टेबलावर काढून ठेवलं. कोर्टात आलेले अर्ज वहीत नोंदायचे आणि चारच्या ठोक्याला शेवटच्या अर्जाखाली लाल रेघ मारायची, हे त्याचं रोजचं काम. आज शेजारच्या खुर्चीत कॅप्टन बसला होता. चारपासून शहरात लष्करी कायदा लागू होणार होता. रेघ मारली की वही तो घेऊन जाणार होता.

"लष्करी कायदा म्हणजे संचारबंदीच ना हो, भाऊसाहेब?" झाडलोट करणाऱ्या मावशींनी विचारलं.

कायदा समजावून सांगायची कारकुनाला भारी हौस. "छे! संचारबंदीत माणसाने घरात बसायचं. आणीबाणीत बाहेर फिरायचं, पण तोंड घरी ठेवून. आणि लष्करी कायद्यात जज्जसाहेबच घरी बसतात. धरणारे लष्करवाले, निवाडा करणारेही तेच."

कॅप्टन हसला नाही, तसा कारकुनाने आवाज खाली आणला.

"मग ज्यांना आधीच धरून नेलंय, त्यांचं काय?" मावशींनी विचारलं.

"चारच्या आत 'माणूस हजर करा' असा अर्ज या वहीत नोंदला, तर त्याला आपल्या जज्जसाहेबांपुढे उभं करावंच लागतं. हेबियस कॉर्पस म्हणतात त्याला. चारनंतर सगळं लष्करी न्यायालयात. तिथे वकील नाही, अपील नाही."

बाकावर एक म्हातारा वकील पोचपावतीसाठी थांबला होता. त्याचे अर्ज केव्हाच नोंदून झाले होते. तो सगळं ऐकत होता.

घड्याळाने चार ठोके दिले. कारकुनाने पट्टी लावली आणि एका दमात रेघ ओढली. एकवीस वर्षांत त्याची रेघ कधी वाकडी गेली नव्हती, याचा त्याला अभिमान होता.

दिवसभराच्या नोंदी मोजून तो वही कॅप्टनच्या ताब्यात देणार, तेवढ्यात त्याची सून जिना चढून आत आली. एका पायात चप्पल होती, दुसरा पाय अनवाणी. हातातला कागद घामाने ओला झाला होता.

"बाबा, ह्यांना शाळेतून नेलं. फळा पुसत होते, तसंच गाडीत घातलं. वकिलांनी अर्ज लिहून दिलाय. चारच्या आत नोंदवा म्हणाले."

 कारकुनाने घड्याळाकडे पाहिलं. चार वाजून पाच. आणि कित्येक वर्षांनी त्याला आठवलं, की हे घड्याळ दहा मिनिटं पुढे आहे. शेवटच्या क्षणी धापा टाकत येणाऱ्या वकिलांना शिस्त लागावी, म्हणून त्यानेच ते पुढे केलं होतं. खाली त्याच्याच वळणदार अक्षरातली पाटी होती: 'वेळ याच घड्याळाची धरली जाईल.'

"साहेब, हे घड्याळ पुढे आहे," तो कॅप्टनला म्हणाला. "दहा मिनिटं. मीच केलंय. अजून चार वाजायचेत. तुमच्या घड्याळात बघा ना."

कॅप्टनने मनगटावर नजर टाकली आणि बाही खाली ओढली.

"माझं घड्याळ इथे चालत नाही. तुम्हीच लिहून ठेवलंय."

"साहेब, माझा मुलगा आहे हो."

"रेघ कुणी मारली?"

कारकून बाकाकडे वळला. त्याने हात जोडले. या वकिलापुढे त्याने आजवर कधी हात जोडले नव्हते. "वकीलसाहेब, तुम्ही तरी सांगा. तुमच्या घड्याळात किती वाजले?"

वकिलाने सावकाश चष्मा लावला आणि मनगट डोळ्यांजवळ नेलं.

"चार वाजून सात." त्याने चष्मा काढला. "गेल्या वर्षी तीन मिनिटं उशीर झाला म्हणून तुम्ही माझं अपील परत केलंत. हातापाया पडलो, तर नियम म्हणजे नियम म्हणालात. त्या दिवसापासून मी माझं घड्याळ तुमच्या घड्याळावर लावतो, भाऊसाहेब. माझा माणूस अजून आत आहे."

"अर्ज घ्या की," कॅप्टन म्हणाला. "नाही कोण म्हणतंय? रेघेखाली घ्या."

कारकुनाने अर्ज घेऊन रेघेखाली नोंदला. शिक्क्यावर चार वाजून आठ मिनिटं लावली आणि तो कागदावर टेकवला. शिक्का तिरका उमटला. कॅप्टनने वही मिटली, नाडी बांधली, गाठ ओढून पाहिली आणि काखेत मारली. पोचपावती घेऊन वकील जिना उतरून गेला.

सून टेबलाला धरून उभी होती. नक्की काय झालं ते तिला अजून नीट उमगलं नव्हतं.

खाली रस्त्यावर जीप थांबली आणि कर्णा खरखरला. "नागरिकहो, आता बरोबर चार वाजले आहेत. या क्षणापासून शहरात लष्करी कायदा लागू होत आहे..."

सुनेने मान वर करून घड्याळ पाहिलं. मग सासऱ्याकडे पाहिलं.

"म्हणजे मी वेळेत आले होते ना, बाबा?"