खातं कुणाच्या नावानं

पोस्टातून निघालेली रंगुबाई गावाकडची वाट सोडून थेट तात्यासाहेब वकिलांच्या सोप्यात येऊन उभी राहिली. सातारला तिचं रोजचं येणं होतं. इथल्याच घरांतून ती म्हशीचं दूध घालायची. पण आज तिचा चेहरा लाल झाला होता.

गेल्या आठवड्यात वकील तिच्या गावच्या चावडीवर बोलून गेले होते. लढाईचे दिवस आहेत, मडक्यात पुरलेला पैसा वाढत नाही, चोराचं भय मात्र असतं. तेव्हा शिल्लक पोस्टात टाका, आणि बायकांनी तर आधी टाका, असं त्यांनी कळवळून सांगितलं होतं. रंगुबाईला ते पटलं. नवरा पलटणीत, ब्रह्मदेशाकडं. म्हैस तिनं स्वतः पोसलेली. दुधाचा साठवलेला पैसा कमरेला बांधून ती आज पोस्टात गेली होती.

"मग, उघडलं का खातं?" वकिलांनी आरामखुर्चीतून कौतुकानं विचारलं.

तिनं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. बाईमाणसाच्या नावानं खातं कशाला, असं पोस्टातला बाबू म्हणाला होता. नवरा इथं नसेल तर दिराला घेऊन ये, त्याच्या नावानं उघडू. आणि पैसे काढायचे झाले तर? तेही दीरच काढेल. त्याच दिरानं गेल्या साली तिच्या वाटणीचा भुईमूग परस्पर विकला होता. बाबूपुढं हे बोलायची तिला लाज वाटली. वकिलांना मात्र तिनं सांगून टाकलं.

नियम तसा नाही, बाबूला समज देऊ, असं वकील म्हणाले. मग त्यांनी समजावलं, की तरी घरातल्या पुरुषाचं नाव असलेलं बरं असतं. बायकांना व्यवहार कळत नाही, उगीच फसतात. दिराशी गोडीनं घ्यावं.

"आवं, म्हस माजी, घाम माजा, आन् नाव त्येचं?" रंगुबाई म्हणाली. "मग चावडीवर बायांनी पैसा टाका म्हणून कशाला सांगितलंसा? दिरांनी टाका म्हणायचं हुतं."

वकिलांच्या पत्नी लीलाबाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या होत्या. त्या दाराशीच थबकल्या.

"अहो," त्या हळूच म्हणाल्या, "माझ्या वडिलांनी मला दिलेले पैसे तुम्ही बँकेत ठेवलेत. ते कुणाच्या नावानं आहेत?"

वकिलांनी रंगुबाईकडं पाहिलं, मग बायकोकडं. चहाचं बघ, असं ते तुटकपणे म्हणाले.

लीलाबाई आत गेल्या नाहीत. त्यांनी रंगुबाईला हाताला धरून खाली बसवलं, तांब्या तिच्यापुढं ठेवला, आणि पदर सावरून स्वतःही तिच्या शेजारी जमिनीवर बसल्या. दोघी वकिलांच्या तोंडाकडं बघत राहिल्या.