भिकनची मूठ

बारडोली मागे पडली आणि काशिनाथला वाटलं, अजूनही परत फिरावं. पहाटे नवापूरहून सायकल काढली होती. गुडघे कधीच कुरकुरायला लागले होते. पण पाय मागे ओढत होते ते गुडघ्यांमुळे नव्हे.

सुरतेला एसटी होती, खिशात भाडं होतं. तरी हा शहाणा सायकलवर बसला. सहा वर्षांपूर्वी धाकटा भाऊ भिकन याच रस्त्याने सायकलवर गेला होता, नव्या बायकोला कॅरियरवर बसवून. काशिनाथनेच त्याला घालवलं होतं. भिकनने परजातीतल्या, अमरावतीकडच्या कुसुमशी लग्न केलं, म्हणून सगळ्या गावासमोर ओट्यावरून ओरडून सांगितलं होतं, "आजपासून हाऊ आमना भाऊबंद नही!" तेव्हा त्यात त्याला मोठी मर्दुमकी वाटली होती.

एवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. पण श्रावणात कानबाई देवीचा सण आला. खानदेशी घरात आदल्या दिवशी प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढतात. त्या पिठाचे रोट करतात आणि ते भाऊबंदांखेरीज कुणाला देत नाहीत. त्या वर्षी काशिनाथने भिकनची मूठ काढली नाही. मग पुढेही काढली नाही.

प्लेगच्या साली सुरत सोडून पळालेली माणसं ट्रक भरभरून नवापूरच्या नाक्यावर उतरली. काशिनाथ तीन दिवस तिथे उभा राहिला. भिकन उतरला नाही. उतरून जाणार तरी कुणाच्या घरी? दिवाळीत उडत उडत कळलं, जिवंत आहे, लिंबायतला खोली घेऊन राहतो. काशिनाथ गोठ्यात जाऊन रडला, पण पत्र टाकलं नाही. पत्रात चूक कबूल करावी लागली असती.

काल मुठी काढताना त्याची बायको कलाबाई म्हणाली, "यंदा तरी भिकनभाऊनी मूठ ल्या." त्याने हात गव्हात घातला आणि तसाच रिकामा बाहेर काढला. कुठल्या तोंडाने घ्यायची? आज घरची कानबाई बायकोवर सोपवून तो निघाला होता.

कडोदऱ्यापासून ऊस संपला आणि रंगाच्या कारखान्यांचा वास नाकात बसला. मग ट्रक, रिक्षा, लूमची खटाखट. चारदा रस्ता चुकला. लिंबायतमधली ती खोली सापडली तेव्हा दिवेलागण झाली होती.

दार भिकननेच उघडलं. तिशीतच त्याचे केस पिकले होते. त्याने चिखलाने माखलेली सायकल पाहिली, भावाचे पाय पाहिले.

"भाऊ?" एवढंच म्हणाला आणि वाकून पाया पडला.

काशिनाथला तेच सोसेना. चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आत चौरंगावर कानबाई बसली होती, नारळाला नथ घातलेली. कुसुमने डोक्यावर पदर घेतला, पाणी दिलं आणि रोट वाढलेलं ताट समोर ठेवलं. या पोरीचा चेहरा काशिनाथ आज पहिल्यांदा नीट पाहत होता.

त्याने ताट मागे सारलं.

"माले नको देऊ, पोरी. सहा सालमा मी यानी मूठ एकदाबी काढी नही. मना हक्क नही."

भिकन मान खाली घालून बसला होता. कुसुमने एकदा त्याच्याकडे पाहिलं, मग ताट पुन्हा काशिनाथच्या पुढ्यात ठेवलं.

"काल पहिली मूठ तुमचीच घेतली, दादा. दरवर्षी घेतो. मोठ्या भावापासून सुरुवात करायची, असं यांनी मला लग्नाच्या वर्षीच शिकवलं."