वाळूची गरज नाही

"उलटं करू नका," कासवांचा रखवालदार म्हणाला. "पोटात अंडी असली तर धक्का बसेल."

"काका, बोलावलंत तुम्हीच ना?" नव्या डॉक्टरबाईंनी हातमोजे चढवले. "अंडी का होत नाहीत ते बघायचं तर पोट बघायलाच हवं."

बोलावलं त्यानेच होतं. महिनाअखेरीस तो निवृत्त होणार होता. त्याआधी एक, फक्त एक अंडं डोळ्यांनी बघावं एवढीच त्याची इच्छा होती. या जातीची कासवं रानातून केव्हाच संपली होती. उरली होती तीन. दोन त्याच्या या कुंपणात आणि तिसरं दूरच्या एका प्राणिसंग्रहालयात. इथल्या दोघांची नावं दादा आणि वहिनी. बारा वर्षांत त्याने वहिनींना कुणाला हातही लावू दिला नव्हता. वजनसुद्धा तोच करायचा, दोन्ही हातांवर सरळ धरून, अलगद.

डॉक्टरबाईंनी वहिनींना उचलून मांडीवर उलटं घेतलं. पोटाचं कवच मधोमध आत गेलेलं होतं. त्यात त्यांची मूठ बसली.

"हे बघा. मादीच्या पाठीवर नीट बसता यावं म्हणून नराचं पोट असं खोलगट असतं. मादीचं सपाट. आणि शेपूट बघा केवढी लांब आहे."

वहिनी शेपूट कायम कवचाखाली मुडपून बसायच्या. लाजाळू स्वभाव, असं तो सगळ्यांना सांगत आला होता.

"पण दादा चढतो ना तिच्यावर. मी स्वतः पाहिलंय, दर वर्षी."

"नर नरावरही चढतात, काका. जोर दाखवायला." त्यांनी कासव सरळ करून जमिनीवर ठेवलं. "या वहिनी नाहीत. भावोजी आहेत."

त्याला हसू येता येता राहिलं. बारा वर्षं येणारा-जाणारा विचारायचा, वहिनींची काही गोड बातमी? हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण झालं.

"तिसरं कुठलं मग?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"पैलवान. तो नर. जोडी इथे ठेवली आणि जादाचा नर तिकडे दिला. मीच निवडला."

"कशावरून? तेव्हा ही तळहाताएवढी असतील. त्या वयात नर-मादी कळतच नाही."

तो जरा आठवू लागला. "दांडगं होतं हो ते. दोघांना ढकलून पहिलं पान तेच ओढायचं. आणि ही म्हणजे अगदी गरीब गाय."

डॉक्टरबाईंनी खिशातून फोन काढला आणि त्या प्राणिसंग्रहालयाला लावला.

तिकडचा रखवालदार मोकळा माणूस होता. फोनवर त्याचा आवाज दोघांनाही ऐकू येत होता. "ते कासव? ते गेलं की. दोन वर्षं झाली. तुमच्या ऑफिसला कळवलं होतं आम्ही."

"कशाने गेलं?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"पोटात अंडी अडकली होती. अकरा निघाली. आम्हीच चाट पडलो. शेवटचे पंधरा दिवस मागच्या पायांनी फरशी खरवडत होतं. रक्त आलं, तरी थांबेना. आम्हाला वाटलं, दांडगंच आहे, खोड असेल."

"अंडी घालायला वाळू नव्हती तिथे?"

"वाळू कशाला ठेवणार? सोबत कागद आला होता ना. अजून भिंतीवर लावलेला आहे. थांबा, वाचतो." पावलं वाजली. "नर. वाळूची गरज नाही. खाली तुमच्या माणसाची सही आहे."

डॉक्टरबाईंनी फोन बंद केला. सही कुणाची ते विचारलं नाही.

रखवालदाराला तो कागद आठवला. तिकडच्या लोकांना उगाच व्याप नको म्हणून दुसरी ओळ त्याने आपण होऊन लिहिली होती. त्याने पैलवानला मारलं होतं, आणि एकट्या पैलवानलाच नाही. हे त्याला लख्ख कळलं आणि कळूनही उभं राहता येतंय याचंच त्याला नवल वाटलं.

तो कुंपणाच्या कोपऱ्यात गेला. तिथे वाळूचा खड्डा होता. दर आठवड्याला तो ती वाळू चाळायचा, खडा न् खडा वेचायचा आणि वरून बेताने पाणी शिंपडायचा. बारा वर्षांत तिच्यावर एक ओरखडा उठला नव्हता.

तो गुडघ्यांवर बसला. बोटांनी उकरत उकरत त्याने हात कोपरापर्यंत आत घातला. कुठेच काही अडलं नाही.

"डॉक्टरबाई," तो म्हणाला, "इकडे या. हात घालून बघा, किती मऊ आहे."