नवीकोरी केबल

कारखान्यातल्या प्रेस मशीनची जाळी उघडताच ते थांबवणारा सेन्सर त्यानेच प्रोग्रॅममधून बाद केला होता, साहेबांच्या सांगण्यावरून, एका दिवसापुरता. दुसऱ्याच दिवशी तो परत चालू करायला लॅपटॉप जोडला, तर कंट्रोलरची केबल रुसली. पोर्ट बदलले, पिना घासल्या, लॅपटॉप ओळखच दाखवेना. नवी केबल मागितली तर साहेब खेकसले, “मशीन चालतंय ना? मग कशाला हवी?” तो ऑपरेटरबाईंना रोज बजावायचा, “आधी मशीन बंद, मग हात.” “केबल बरी झाली की कळवा,” त्या हसायच्या. आज वीस वर्षांच्या सवयीने त्यांनी जाळी उघडून हात घातला. अ‍ॅम्ब्युलन्स गेल्यावर साहेबांनी स्वतःच्या कपाटातून नवीकोरी केबल काढली. “चौकशीवाले येताहेत. सेन्सर चालू कर, दोघंही वाचू.” केबल पहिल्या झटक्यात लागली. स्क्रीनवर सेन्सर बाद केल्याची नोंद त्याच्याच नावाने दिसली. त्याने प्रेसमध्ये राहिलेला हातमोजा पाहिला आणि लॅपटॉप मिटला. “साहेब, कनेक्ट होत नाहीये.”